जुन्या पीसीवर नॅस आणि व्हर्च्युअल मशीन: इन्स्टॉल होत नाही, झालं तर टिकत नाही

ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप घ्यायचा, त्यात दोन-चार हार्ड डिस्क बसवायच्या आणि त्याचाच नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा फाइलींचा साठा) करायचा, हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात आता सर्रास चालतं. फोटो स्टुडिओ लग्नांचे फोटो ठेवतात, उद्यमबागेतली वर्कशॉप कॅडची ड्रॉइंग ठेवतात, पतसंस्था आणि वाचनालयं आपलं दप्तर ठेवतात. नॅस लागला की त्याच मशीनवर टॅलीसाठी किंवा सीसीटीव्हीसाठी एखादं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे त्याच पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक, हेही हवं असतं. अडचणी इथून सुरू होतात. अशी मशीन माझ्याकडे सतत येतात आणि त्यातले दोष फिरून फिरून तेच असतात.

लक्षणं

- पेनड्राइव्हवरून बूट होत नाही, किंवा इन्स्टॉलर सुरू होऊन काळ्या स्क्रीनवर थांबतो.
- इन्स्टॉल होतं, पण चारपैकी दोनच डिस्क दिसतात.
- प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) मशीन सुरू करताना ‘केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीनची सोय) उपलब्ध नाही’ अशा अर्थाचा एरर येतो.
- सगळं नीट चालू असतं, रात्री लाइट जाते, सकाळी पुन्हा तोच एरर.
- सर्व्हर चालू आहे, पण ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडत नाही.
- फाइल कॉपीचा वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही.
- मोठी कॉपी चालू असताना एखादी डिस्क गायब होते किंवा मशीन रीस्टार्ट होतं.
- इंग्रजी नावाच्या फाइली जातात, काही मराठी नावाच्या जात नाहीत.

हात लावण्याआधी

ज्या डिस्कवर कामाचा डेटा आहे तिची सॅटा केबल काढून ठेवा, मगच इन्स्टॉल करायला घ्या. ट्रूनॅस (नॅससाठीची तयार सिस्टिम) ज्या डिस्कवर बसतं ती पूर्ण डिस्क स्वतःकडे घेतं. पूल (डिस्क मिळून केलेला एकच साठा) बनवतानाही निवडलेली डिस्क कोरी होते. विंडोजमधली डिस्क आहे तशी लावली की फाइली दिसतील, अशी समजूत असेल तर ती आत्ताच सोडा. स्टुडिओवाल्यांना तर मी हात जोडून सांगतो: एखाद्या घरच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत. आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी, मग प्रयोग.

मदरबोर्डवरचा सेल

सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि ‘काल चालत होतं, आज नाही’ या तक्रारीत मी सगळ्यात आधी इथेच बघतो. मदरबोर्डवर सीआर२०३२ हा गोल सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पीसीचा प्लग लावलेला असेपर्यंत पॉवर सप्लायकडून बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, त्यामुळे सेल संपलाय हे महिनोनमहिने कळत नाही. मग जांबोटी-कणकुंबीकडे पावसात झाड पडून रात्रभर लाइट जाते, किंवा दुकान बंद करताना कोणीतरी मेन स्विच काढतो, आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) कारखान्यातल्या मूळ सेटिंगवर परत जातं.

त्यानंतर चार गोष्टी एका दमात बदलू शकतात. व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय, बंद होतं. सॅटा मोड (बोर्डाची डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर किंवा रेडवर (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) जातो. बूटचा क्रम बदलतो. तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की सर्टिफिकेट अमान्य ठरून अपडेट अडतात. माणसाला मात्र चार वेगळे बिघाड दिसतात आणि तो सॉफ्टवेअर परत परत इन्स्टॉल करत बसतो.

प्लग काढून अर्धा-एक तास ठेवा, मग सुरू करून बायोसमधली वेळ बघा. मागे पडलेली असेल तर सेल बदला. मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या आसपास दाखवतो; २.७ च्या खाली गेलेला मी ठेवत नाही. सेल बदलून सेटिंग नीट केली की बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या वेळी आठवणीवर विसंबावं लागणार नाही. त्याच पानांत लाइट आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं असं सेटिंग असतं, तेही चालू करा.

पेनड्राइव्ह

इन्स्टॉलर अर्ध्यात थांबला की दोष बऱ्याचदा पेनड्राइव्हचा किंवा अपुऱ्या डाउनलोडचा असतो. गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आयएसओ (इन्स्टॉलरची फाइल) उतरवताना जोडणी तुटते, फाइलचा आकार जवळपास बरोबर दिसतो आणि आत खोट राहते. म्हणून संकेतस्थळावर दिलेला एसएचए२५६ आकडा (फाइलची ओळखखूण) आपल्या फाइलशी जुळवून बघा. रूफसने (पेनड्राइव्ह लिहायचं सॉफ्टवेअर) लिहीत असाल तर विचारल्यावर डीडी मोड निवडा. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवणारं सॉफ्टवेअर) या इन्स्टॉलरांच्या बाबतीत कधी चालतं, कधी अडतं. शंका असेल तर पेनड्राइव्ह थेट लिहिलेला बरा. पेनड्राइव्ह मागच्या, बोर्डावरच्या पोर्टला लावा, पुढच्या पॅनेलची वायर जुनी झालेली असते.

बूटच होत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट (सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करून बघा. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून ते चालू असतानाही बसतं, ट्रूनॅससाठी बंदच ठेवावं. काळी स्क्रीन येत असेल आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ते काढून बोर्डावरच्या पोर्टला मॉनिटर जोडा. प्रॉक्समॉक्स ८ मध्ये अक्षरी मेनूचा इन्स्टॉलरही आहे, जुन्या ग्राफिक्सवर तो सरळ चालतो.

केबल, धूळ आणि डिस्कचे आकडे

डिस्क दिसत नाही किंवा मध्येच गायब होते, तर आधी सॅटा केबल बदला. का, ते स्मार्टच्या (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) आकड्यांत दिसतं. १९९ क्रमांकाचा आकडा, म्हणजे सीआरसी एरर, वाढत असेल तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत गडबड आहे: केबल, कनेक्टर किंवा पोर्ट. ५ आणि १९७ क्रमांकाचे आकडे वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होतोय आणि नव्या केबलने काही होणार नाही. हे दोन प्रकार वेगळे ओळखता आले की चांगली डिस्क फेकली जात नाही आणि वाईट डिस्कवर विश्वास राहत नाही. केबल बदलल्यावर १९९ चा जुना आकडा शून्य होत नाही. तो आणखी वाढत नाही ना, एवढंच बघायचं.

उद्यमबागेत फाउंड्री किंवा लेथ जवळ असेल तर कॅबिनेटमध्ये धातूची बारीक पूड जाते. ती वीज वाहून नेते, त्यामुळे साध्या धुळीपेक्षा धोकादायक. निपाणीकडे तंबाखूची धूळ हीटसिंकमध्ये घट्ट बसते आणि प्रोसेसर तापून मशीन बंद पडतं. प्लग काढून, पंखा बोटाने धरून ब्लोअर मारा. वर्कशॉपमधला नॅस मशीनशेजारी न ठेवता ऑफिसच्या खोलीत ठेवा, मधे नेटची वायर टाकायला फार खर्च येत नाही.

बायोसमधली दोन सेटिंग

सॅटा मोड एएचसीआय करा. रेड किंवा आरएसटी मोडमध्ये डिस्क बऱ्याचदा दिसतच नाहीत, आणि आयडीई मोडमध्ये डिस्कचं काम मंदावतं. मदरबोर्डच्या रेडवर आधीच कोणाचा डेटा असेल तर मात्र हे सेटिंग बदलू नका. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

दुसरं व्हर्च्युअलायझेशन. इंटेलच्या बोर्डावर ते ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ किंवा ‘व्हीटी-एक्स’ या नावाने असतं, एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’. चालू केल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका. मशीन पूर्ण बंद करा, प्लग काढा, थोडं थांबून सुरू करा. काही बोर्डांवर त्याशिवाय बदल लागू होत नाही. विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स वापरत असाल आणि बायोसमध्ये सगळं चालू असूनही तक्रार येत असेल, तर विंडोजचं हायपर-व्ही किंवा सिक्युरिटीमधलं मेमरी इंटेग्रिटी बघा. ती प्रोसेसरची ही सोय आधीच ताब्यात घेऊन बसतात.

हार्डवेअर खरंच चालत नाही, ते कधी?

‘हार्डवेअर कंपॅटिबल नाही’ हे वाक्य दुकानात फार लवकर उच्चारलं जातं. वरच्या तपासण्या संपेपर्यंत ते मानू नका. पण त्या संपल्या आणि अजूनही अडतंय, तर प्रोसेसर काय देऊ शकतो आणि काय नाही, हे शांतपणे बघावं लागतं.

कुठल्याही लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर एलएससीपीयू ही कमांड चालवा. व्हर्च्युअलायझेशनच्या ओळीत व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही दिसलं पाहिजे. पेंटियम ड्युअल कोअरच्या ई२००० मालिकेत ही सोय मुळातच नाही, तिथे बायोसमध्ये शोधून उपयोग नाही.

आपल्याकडे सेकंडहँडमध्ये जे खूप येतं ते एच६१ बोर्ड आणि त्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा आय३. या जोडीचा स्वभाव माहीत असावा. व्हीटी-एक्स आहे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालेल. पण आय३-२१०० किंवा आय३-३२२० मध्ये एईएस (एन्क्रिप्शन झपाट्याने करणारी) ही सूचना नाही. प्रॉक्समॉक्स ८ नव्या व्हर्च्युअल मशीनला जो प्रोसेसर प्रकार आपोआप देतं, त्यात एईएस गृहीत धरलेलं असतं, म्हणून मशीन सुरू होण्याआधीच नकार येतो. लोक इथे हार मानतात. खरं तर व्हर्च्युअल मशीनच्या हार्डवेअर पानावर प्रोसेसरचा प्रकार बदलून ‘होस्ट’ केला की काम होतं. उलट गडबडही होते: प्रकार जुना ‘केव्हीएम६४’ ठेवला आणि आत रेड हॅट ९ च्या कुळातलं लिनक्स टाकलं, तर ते बूट होताना कोसळतं, कारण त्याला त्याहून नवा प्रोसेसर लागतो.

याच जोडीवर व्हीटी-डी मात्र नाही. ते सेटिंग बायोसमध्ये सापडत नाही म्हणून बायोस अपडेट करायला जाऊ नका. जे चिपसेटमध्येच नाही ते अपडेटने येणार नाही. व्हीटी-डी लागतं ते डिस्कचा कंट्रोलर जसाच्या तसा व्हर्च्युअल मशीनच्या हाती द्यायला. प्रॉक्समॉक्सच्या आत ट्रूनॅस चालवायचं तर कंट्रोलर असा पूर्ण दिलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर झेडएफएसला (ट्रूनॅसची फाइल सिस्टिम) खरी डिस्क दिसत नाही, स्मार्टचे आकडे दिसत नाहीत, आणि डिस्क आजारी आहे हे उशिरा कळतं. व्हर्च्युअल डिस्कच्या फाइलवर झेडएफएसचा पूल उभा करून त्यात एखाद्या संस्थेचे हिशेब ठेवणं मला मान्य नाही. वापरताना महिनोनमहिने काही जाणवत नाही, म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

मग काय करायचं? रॅम ४ जीबी असेल तर ट्रूनॅसचा नाद सोडा. त्याची किमान अट ८ जीबीची आहे. ओपनमीडियाव्हॉल्ट (नॅसचीच दुसरी सिस्टिम) सरळ हार्डवेअरवर टाका, ते थोड्या रॅमवर समाधानाने चालतं. रॅम ८ ते १६ जीबी असेल आणि व्हर्च्युअल मशीनही हवं असेल, तर झेडएफएस प्रॉक्समॉक्सकडेच ठेवा आणि सांबा (विंडोजला फाइली शेअर करणारं सॉफ्टवेअर) एका एलएक्ससी कंटेनरमध्ये (प्रॉक्समॉक्सचाच कर्नल वापरणारा हलका कप्पा) चालवा. कंटेनरला व्हीटी-एक्सही लागत नाही. एच६१ वर रॅमचे दोनच स्लॉट आणि कमाल १६ जीबी, हे धरूनच बेत आखा. प्रॉक्समॉक्स ८.१ पासून नव्या इन्स्टॉलमध्ये झेडएफएसची कॅशे रॅमच्या १० टक्क्यांवर बांधलेली असते. त्याआधीच्या इन्स्टॉलमध्ये ती निम्म्या रॅमपर्यंत जाते आणि व्हर्च्युअल मशीन रॅमअभावी मरतं. जुनं इन्स्टॉल असेल तर ही मर्यादा हाताने घाला.

पान उघडत नाही, शेअर दिसत नाही

प्रॉक्समॉक्सचं पान ८००६ पोर्टवर आणि फक्त एचटीटीपीएसने उघडतं. तेही करून झालं असेल तर दोन कारणं बघा. इंटरनेटवाल्याने राउटर बदलला की घरातले पत्ते १९२.१६८.१ ऐवजी १९२.१६८.२९ अशा दुसऱ्याच मालिकेत जातात आणि सर्व्हर जुन्या पत्त्यावर एकटा राहतो. दुसरं कारण नवं कार्ड. पीसीआय स्लॉटमध्ये काहीही बसवलं की लॅन पोर्टाचं नाव बदलू शकतं, ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० होतं, आणि प्रॉक्समॉक्सचा ब्रिज (व्हर्च्युअल मशीनना लॅनशी जोडणारा दुवा) जुनंच नाव धरून बसतो. मॉनिटर जोडून नेटवर्कच्या फाइलमध्ये नाव दुरुस्त केलं की झालं. यासाठी परत इन्स्टॉल करायची काहीच गरज नाही.

वेग ११ एमबीवर अडकलाय म्हणजे जोडणी १०० एमबीपीएसवर आलीय. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी तार क्रिंपिंगमध्ये निसटली की जोडणी तुटत नाही, नुसती मंदावते. तयार केबल लावून बघा; वेग ११० च्या आसपास गेला तर भिंतीतली वायर दोषी.

नवीन विंडोज ११ वरून शेअर उघडत नसेल तर बिनपासवर्डचा गेस्ट शेअर ठेवू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून विंडोज सांबाच्या जोडणीला सही मागतं आणि गेस्टला ती देता येत नाही. प्रत्येकाला नाव आणि पासवर्ड द्या.

आता मराठी फाइली. लिनक्समध्ये सर्वसाधारणपणे फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन, कन्नडलाही तीनच. काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात, म्हणजे ‘वार्षिक’ या शब्दाचे सात घटक, एकवीस बाइट. पंच्याऐंशी घटकांत नाव संपतं. विंडोजवर चाललेलं ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचा इतिवृत्तान्त आणि ताळेबंद…’ असं लांबलचक नाव नॅसवर नाकारलं जातं ते यामुळे. सभेचं वर्ष फोल्डरच्या नावात घ्या आणि फाइलचं नाव आखूड करा. फाइली इंग्रजीत लिहायची काही गरज नाही.

रॅम आणि पॉवर सप्लाय

मशीन वेळी-अवेळी कोसळत असेल तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एकही एरर आला तर एकेक स्टिक काढून परत बघा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकत्र लावलेल्या असतील तर संशय तिथून सुरू करा. खराब रॅममधून गेलेली फाइल डिस्कवर चुकीचीच लिहिली जाते, आणि नंतर झेडएफएसही तिला बरोबर मानतं.

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत करंट ओढते. चार डिस्क एकदम उठल्या की कॅबिनेटसोबत आलेला स्वस्त सप्लाय दमतो, आणि एखादी डिस्क सुरूच होत नाही. सप्लाय चांगल्या कंपनीचा घ्या, आणि मोलेक्सवरून सॅटा करणारे ओतीव प्लास्टिकचे कनेक्टर वापरू नका, ते जळतात. घरचा इन्व्हर्टर वापरत असाल तर त्यामागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदलाला जास्त वेळ लागतो आणि पीसी रीस्टार्ट होतो. डिस्कवर लिहिणं चालू असताना हे होऊ नये.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा १९७ चा आकडा दिवसागणिक वाढत असेल आणि बॅकअप नसेल, तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. चेकडिस्क नको, रिकव्हरीची फुकट सॉफ्टवेअर नकोत. प्रत्येक वाचनाने डिस्क आणखी खराब होते आणि डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेचं काम अवघड होतं.

रेड कार्ड किंवा बोर्डाचं रेड ‘डिग्रेडेड’ किंवा ‘फॉरेन’ दाखवत असेल तर कुठलंही बटण दाबू नका, विशेषतः ‘इनिशियलाइज’. कुठली डिस्क कुठल्या पोर्टवर होती ते चिकटपट्टीवर लिहून चिकटवा.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी इलेक्ट्रिशियन. अर्थिंग नीट होईपर्यंत उघड्या मशीनवर काम करू नये. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत किंवा जळका वास येतोय, तर ते बोर्ड डेटाच्या कामाचं राहिलेलं नाही. बायोस अपडेट यूपीएसशिवाय करू नका. मध्येच लाइट गेली तर प्रोग्रॅमर असलेल्या दुरुस्तीवाल्याकडे चिप न्यावी लागते.

पतसंस्था किंवा सोसायटीचा डेटा असेल तर माझी पायरी आणखी अलीकडे आहे: डिस्क न दिसण्याच्या पहिल्याच तक्रारीला माणूस बोलवा. त्याच्या हाती बायोसचे फोटो, एरर आलेल्या स्क्रीनचा फोटो, डिस्कचे सीरियल नंबर कुठल्या पोर्टवर कुठला त्या क्रमाने, आणि शेवटचा बॅकअप कधी व कशावर घेतला, एवढं द्या. यातलं शेवटचं त्याला सगळ्यात आधी सांगा, कारण डिस्कला हात लावायचा की नाही हे तो त्यावरून ठरवेल.